पांढऱ्या दिव्यांना कमी लक्स चालावेत का?

दीपमाळ (धागाकर्ता)
गल्लीतला उजेड पुरेसा आहे की नाही, हे आपण लक्समीटरच्या, म्हणजे जागेवर पडणारा उजेड ‘लक्स’ या एककात मोजणाऱ्या यंत्राच्या, आकड्यावर ठरवतो. पण हा मीटर डोळ्याच्या ज्या संवेदनवक्राला (डोळा कोणत्या रंगाला किती दाद देतो, त्याच्या आलेखाला) बांधलेला आहे, तो १९२४ साली भर उजेडातल्या दृष्टीसाठी स्वीकारला गेला आणि त्याचे शिखर ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीला, म्हणजे हिरवट-पिवळ्या प्रकाशात आहे. अंधूक उजेडात डोळ्यातील दंडाकार पेशी कामाला लागतात आणि त्या ५०७ नॅनोमीटरच्या निळसर-हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक दाद देतात. सोडियमच्या पिवळ्या दिव्यात हा भाग अगदी थोडा असतो. दंडाकार पेशींच्या हिशेबाने आणि नेहमीच्या हिशेबाने मोजलेल्या प्रकाशाचे गुणोत्तर उच्चदाब सोडियममध्ये सुमारे ०.६ भरते, तर थंड पांढऱ्या एलईडीत ते दीड ते दोनच्या घरात जाते. साहजिकच, तेवढ्याच लक्सला पांढरी गल्ली अधिक उजळ दिसते. ब्रिटनच्या मानकाने दुय्यम रस्त्यांवर पांढऱ्या प्रकाशाला कमी पातळीची मुभा दिलेली आहे. आपल्याकडे ती का नसावी?

कातरवेळ
उजळ वाटणे आणि नीट दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण पहिलीच्या जोरावर दुसरीत काटकसर करू पाहता आहात. दृष्टीच्या अगदी मध्यभागी दंडाकार पेशी नसतातच. चालक ज्या खड्ड्याकडे रोखून पाहतो, तो त्याला भर उजेडातल्या दृष्टीच्या, शंकूच्या आकाराच्या पेशींमुळेच दिसतो, आणि तिथे पांढऱ्या दिव्याला ही वाढीव सवलत मिळत नाही. शिवाय २०१० साली आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने संधिप्रकाशातील दृष्टीसाठी जी पद्धत सुचवली, तिच्याप्रमाणे दर चौरस मीटरला एक कॅन्डेला उजळतेच्या, म्हणजे मुख्य रस्त्यासारख्या चांगल्या उजळ रस्त्यावर पांढऱ्या एलईडीचा लाभ काही टक्क्यांपुरताच उरतो. त्याखालच्या अंधारात तो वाढतो, हे मान्य. पण म्हणून आधीच अंधाऱ्या असलेल्या जागी आणखी कपात करायची? वयाबरोबर डोळ्याचे भिंग पिवळट होते व निळा प्रकाश अडवते, म्हणजे ज्येष्ठांच्या वाट्याला हा लाभ आणखी कमी येणार, आणि निळसर दिव्याने डोळे दिपण्याचा त्रास मात्र सगळ्यांनाच अधिक.

दीपमाळ
मी महामार्गाविषयी बोलतच नाही. पायी चालणारा माणूस एका बिंदूकडे टक लावून चालत नसतो. कडेने कोणी येते आहे का, हे तो डोळ्याच्या कोपऱ्यातून टिपतो, आणि तिथे दंडाकार पेशी भरपूर असतात. उजळतेची जाणीव केवळ त्यांच्यावरही अवलंबून नाही. सुमारे ४८० ते ४९० नॅनोमीटरला सर्वाधिक संवेदनशील असलेल्या मेलानॉप्सिनयुक्त पेशींचाही (दंडाकार व शंकूच्या आकाराच्या पेशींहून वेगळ्या, डोळ्यातील तिसऱ्या प्रकारच्या प्रकाशसंवेदी पेशींचाही) तिच्यात वाटा असल्याचे पुरावे गेल्या दोन दशकांत पुढे आले आहेत. रस्ता उजळ वाटला, तर माणूस रात्री घराबाहेर पडतो. ही ‘वाटण्याची’ बाब आपण इतकी हलकी का लेखता?

खांबावरचा
दोघांच्याही मांडणीत एक गोष्ट सुटते. सोडियमच्या जागी एलईडी बसवताना केवळ वर्णपट बदलत नाही, तर फिटिंगही बदलते. जुना दिवा भिंती, झाडे, गॅलऱ्या यांवर उजेड सांडत असे. नवा तो नेमका रस्त्यावर टाकतो. मग ‘पांढरे लावले आणि लख्ख झाले’ यातले श्रेय रंगाचे किती आणि फिटिंगमधल्या भिंगांच्या रचनेचे किती, हे वेगळे कसे काढणार? आणि उजळता हाच एकमेव निकष असता, तर २०१५ साली मरीन ड्राइव्हवर सोडियमऐवजी पांढरे एलईडी आल्यावर एवढी ओरड झाली नसती. ‘राणीच्या हारा’चा सोनेरी रंग गेला, हीच तेव्हाची तक्रार होती.

कातरवेळ
हा मुद्दा मला पटतो, आणि तो धागाकर्त्यांच्या मागणीच्या मुळावर येतो. एकाच बनावटीच्या, एकसारख्या भिंगांच्या फिटिंगमध्ये २७०० केल्विनचे (पिवळसर) आणि ५००० केल्विनचे (थंड पांढरे) दिवे घालून, एकाच गल्लीत, शेजारी-शेजारी नव्हे तर वेगवेगळ्या रात्री पाहणी करावी, कारण शेजारी ठेवले की डोळा रंगच पाहतो. त्यात साठीपुढची माणसे असावीत. ते होईपर्यंत मानकातला लक्सचा आकडा खाली आणण्यास माझा विरोध राहील.

दीपमाळ
पाहणी जरूर व्हावी, मात्र तीत पायऱ्या आणि अडथळे ओळखण्याबरोबरच ‘या रस्त्याने एकटे जाल का’ हा प्रश्नही असावा. त्याची उत्तरे गाळून केवळ लक्स मोजणार असाल, तर ती मला मान्य नाही.