तव्यावरचे इंग्लिश मफिन

ए-४०३ ताई: ओव्हन बंद पडलाय आणि मुलीला नाश्त्याला इंग्लिश मफिनच हवेत, तव्यावर होतात असं ऐकलंय, खरंच का? कोणी केलेत का

सी-१०१ दादा: मफिन म्हणजे ते कागदी कपातले ना? तव्यावर कसे होणार 😄

बी-२०२ काकू: ते वेगळे हो. कपातला मफिन बेकिंग पावडरवर फुगतो, तो केकचाच भाऊ. हा यीस्टचा चपटा ब्रेड, मुळात तव्यावरच भाजतात म्हणून ओव्हनवाचून काही अडत नाही. मैदा ३०० ग्रॅम, कोमट दूध २४० मिली, इन्स्टंट यीस्ट १ छोटा चमचा, साखर २, मीठ १, लोणी २० ग्रॅम. पीठ हाताला चिकटेल इतकं सैलच राहू द्या, चिकटतंय म्हणून वरून मैदा घालत बसलात तर आत जाळी पडणार नाही आणि साधा पाव खाल्ल्यासारखं लागेल

ए-४०३ ताई: आणि गोल आकारासाठी तव्यावर ठेवतात त्या स्टीलच्या रिंगा? माझ्याकडे नाहीयेत

बी-२०२ काकू: नसू देत, थोडे पसरतील एवढंच. रात्रभर पीठ फ्रिजमध्ये ठेवा, चव फार छान येते आणि गार पीठ हाताळायला पण सोपं जातं. सकाळी रव्यावर पाऊण इंच जाड थापून वाटीने कापा, वरून पण रवा भुरभुरवा, मग तासभर झाकून ठेवा

सी-१०१ दादा: नाव इंग्लिश पण अमेरिकेत जास्त गाजले बरं का. सॅम्युअल बाथ थॉमस म्हणून इंग्लंडहून गेलेला बेकर, त्याने १८८० मध्ये न्यूयॉर्कला बेकरी काढली, तो ब्रँड अजून आहे

ए-४०३ ताई: दादा इतिहास नंतर 🙏 काकू गॅस किती ठेवू

बी-२०२ काकू: मंद म्हणजे अगदी मंद, आणि तवा जाड बुडाचा. एकेका बाजूला ७-८ मिनिटं तरी लागतात. इथेच सगळे घाई करतात, बाहेरून मस्त लाल आणि आत कच्चं पीठ. कडेला दाबून बघा, मऊ गिचगिचीत लागलं तर अजून ठेवा. तेल नको, रव्यामुळे चिकटत नाहीत

ए-५०१ वहिनी: प्रोब थर्मामीटर आहे माझ्याकडे, हवा तर घेऊन जा, टोचून बघा, आत ९३-९५ डिग्री सेल्सियस आलं की झालं. आणि सुरीने कापू नका हं!! जरा निवले की काट्याने चौफेर टोचून हाताने उघडायचे, सुरीने जाळी दबते, असे उघडले की आतला भाग खडबडीत राहतो, तोच टोस्ट केल्यावर कुरकुरीत होतो आणि लोणी पण त्याच खड्ड्यांत मुरतं

सी-१०१ दादा: मग क्रम्पेट म्हणतात ते हेच का

ए-५०१ वहिनी: नाही, क्रम्पेट पण तव्यावरचेच, पण त्याचं पीठ ओतण्याइतकं पातळ असतं, रिंगेशिवाय जमतच नाही

ए-४०३ ताई: बरं मग पीठ आत्ताच भिजवते. मैद्याऐवजी कणीक चालेल का

बी-२०२ काकू: निम्मी चालेल, सगळी नको, जड होतात. आणि दूध दोनेक चमचे वाढवा, कणीक जास्त पिते