कॉलनीतल्या इटालियन हॉटेलात पास्ता आपल्या चवीचा हवा, की नावाला जागणारा?

महाबळकर
जळगावात आमच्या कॉलनीच्या तोंडाशी एक छोटे इटालियन उपाहारगृह आहे. आठ टेबले, भिंतीवर पिसाचा मनोरा आणि काउंटरमागे गॅसची पिझ्झा भट्टी. तिथे चार वेळा जेवलो आणि चारही वेळा एकच प्रश्न घेऊन घरी आलो, म्हणून तो येथे मांडतो. त्यांच्या मेन्यूकार्डावर 'व्हेज कार्बोनारा' आहे. कार्बोनारा हा मूळचा रोमचा पदार्थ असून त्यात अंडी, पेकोरिनो हे मेंढीच्या दुधाचे चीज, मिरपूड आणि डुकराच्या गालाचे खारवलेले मांस असते, क्रीम नसते. माझ्यापुढे जी पेन्ने (नळीच्या आकाराचा पास्ता) आली तिच्यात यांपैकी फक्त मिरपूड होती, बाकी मैद्याचा पांढरा सॉस, मक्याचे दाणे आणि सिमला मिरची. चव वाईट नव्हती, पण पेन्ने इतकी शिजलेली होती की काट्याने उचलताना तुटत होती. वेटरला विचारले, तर तो म्हणाला, "सर, इथे सगळ्यांना अशीच लागते."

परगावी कोणी तेलात परतलेल्या वांग्याला 'खान्देशी भरीत' म्हणून वाढले, तर आपण गप्प बसत नाही. वांगे कपाशीच्या काड्यांवर भाजलेच पाहिजे, असे आपण त्याला तिथल्या तिथे ऐकवतो. मग हाच न्याय रोमच्या पदार्थाला का नको?

भुसावळचे नाना
महाबळकर, आपले वाचन दांडगे आहे, पण जेवायला बसलेल्या माणसाने एवढे वाचून यावे अशी अपेक्षा ठेवली, तर त्या आठ टेबलांपैकी सात रिकामी राहतील. ज्या टोमॅटोवाचून आज इटालियन स्वयंपाकाची कल्पना करवत नाही, तो सोळाव्या शतकात अमेरिका खंडातून युरोपात आला. आपल्या ठेच्यातली मिरचीही तिकडचीच, पोर्तुगीजांबरोबर आलेली. उसने घ्यायचे आणि आपल्या जिभेला जुळवून घ्यायचे, हे इटलीनेही केले आणि आपणही केले.

त्या मालकाशी माझी ओळख आहे. सुरुवातीचे दोन महिने तो पास्ता दाताखाली किंचित कडक लागेल असाच, 'आल देन्ते', वाढत होता. रोज तीन-चार ताटल्या 'कच्चा आहे' म्हणून परत येत, आणि तो खर्च त्याच्याच खिशातून जाई. त्याने गिऱ्हाईक सांभाळावे की रोम?

कढईमागून
मी पुण्यात सहा वर्षे अशा स्वयंपाकघरांत काम केले आहे, म्हणून नानांना एक गोष्ट विनयाने सांगतो. पास्ता मऊ होतो तो खान्देशी जिभेमुळे नव्हे, दुपारच्या कामामुळे. तीन वाजता सगळा पास्ता एकदम उकळून, निथळून, तेल चोळून ट्रेमध्ये पसरतात आणि फ्रिजमध्ये ठेवतात. रात्री ऑर्डर आली की तोच पुन्हा गरम पाण्यात बुडवायचा आणि वर सॉसमध्ये चार मिनिटे उकळायचा. दुपारी दोन-तीन मिनिटे आधी काढला असता तर रात्री नेमका शिजला असता, पण दुपारी घड्याळाकडे कोण बघतो! शिवाय तेल चोळलेल्या पास्त्याला सॉस नीट धरत नाही, आणि ज्या पिठूळ पाण्याने तो धरला असता ते दुपारीच मोरीत गेलेले असते. मग सॉस दाट करायला मैदा येतो.

आणि 'इथे सगळ्यांना अशीच लागते' हे तर मला पटतच नाही. आपल्याकडे शेवभाजीत शेव कधी टाकतात? रस्सा ताटापुढे आल्यावर. आधी टाकली तर लगदा होतो आणि लगदा झालेली शेवभाजी जळगावचे गिऱ्हाईक परत पाठवते. शेवेचा कुरकुरीतपणा ज्याला कळतो, त्याला पास्त्याचा कडकपणा कळणार नाही हे कशावरून?

पिझ्झाबद्दल मात्र मी मालकाच्या बाजूने आहे. नेपल्सच्या ज्या पिझ्झाकलेला युनेस्कोने २०१७ साली वारसा यादीत घेतले, तो पिझ्झा लाकडाच्या भट्टीत साडेचारशे अंशांच्या आसपास साठ ते नव्वद सेकंदांत भाजून निघतो. छोट्या गॅसभट्टीला तेवढी उष्णता गाठणे जड जाते, पिझ्झा आत जास्त वेळ राहतो आणि कडा वाळतात. यात लबाडी नाही, भट्टी तेवढीच आहे.

एरंडोलकर
माझा मुद्दा थोडा वेगळा आहे, पण 'नावाला जागणे' याच्याशीच निगडित आहे. आम्ही घरचे सर्व शाकाहारी. खऱ्या पार्मिजानो रेज्जानो चीजसाठी वासराच्या जठरातून काढलेले रेनेटच (दूध घट्ट करणारे विरजण) वापरावे, असा तिथला नियम आहे. म्हणजे महाबळकरांच्या मागणीप्रमाणे सगळे अस्सल झाले, तर मला त्या कार्डावरच्या निम्म्या पदार्थांवर फुली मारावी लागेल. सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटचे चीज आपल्याकडे सर्रास मिळते आणि मला तेच हवे आहे. पण तिथे मी "वर किसलेले चीज कोणते?" असे विचारले, तेव्हा "सर, इम्पोर्टेड आहे" असे अभिमानाने सांगण्यात आले, आणि मी ते बाजूला सारले. नक्कल चालेल, ती नक्कल आहे हे लिहायला काय हरकत आहे?

अमळनेरची सून
वरच्या सर्व मान्यवरांनी पास्त्याची तपासणी केली, पण त्या टेबलांवर कोण बसते याकडे कोणी पाहिले नाही. मागच्या महिन्यात मी सासूबाईंना तिथे नेले. वय वर्षे एकाहत्तर, हॉटेल म्हणजे लग्नाच्या बस्त्याच्या दिवशी शिरायची जागा. पिझ्झा समोर आल्यावर त्यांनी मला हळूच विचारले, "हाई काय शे?" मी सांगितले की भाकरीवर टोमॅटोची चटणी आणि वर चीज. त्यांनी कड मोडली, वास घेतला, खाल्ली आणि म्हणाल्या की पीठ चांगले आंबवले आहे, पण चटणीत साखर कशाला? ती साखर मलाही खटकली होती. महाबळकरांचा कार्बोनारा रोमचा आहे की नाही हे आम्हांला ठाऊक नव्हते, तरी कुठे काय जास्त झाले ते कळले. त्यानंतर त्यांनी उरलेले दोन तुकडे नातवासाठी बांधून घेतले. अशा जागा शहाण्यांच्या परीक्षेत नापास झाल्या म्हणून बंद पडू नयेत, एवढेच माझे म्हणणे.

महाबळकर
ताई, ती जागा बंद पडावी असे मी कुठेही म्हटलेले नाही. मीच तिथे पाचव्यांदा जाऊन आलो. या वेळी कार्डावर नसलेला मरिनारा पिझ्झा मागितला. टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि ऑलिव्हचे तेल, बस्स. चीज मुळातच नाही, त्यामुळे एरंडोलकरांचीही अडचण मिटते. आचारी स्वतः बाहेर आला आणि त्याने दोनदा खात्री करून घेतली की चीज खरेच नको आहे ना, कारण मागे कोणीतरी बिलावरून भांडले होते. लसूण त्याने सढळ हाताने घातला होता, आणि माझ्या सांगण्यावरून साखर टाळली होती. त्या चार जेवणांपेक्षा हे जेवण सरस झाले. 'व्हेज कार्बोनारा'चे नाव बदलून 'व्हाइट सॉस पेन्ने' करा असेही मी सुचवले. तो हसून म्हणाला की त्या नावाने महिन्याला दहा प्लेटसुद्धा जाणार नाहीत.

भुसावळचे नाना
मग तो चुकीचे बोलला का?