१/२४ मॉडेलसाठी चार नळ्यांचा एक्झॉस्ट हेडर स्वतः घडवणे: साहित्य, वळणे आणि रंग

प्रश्न

नमस्कार. मी १/२४ प्रमाणाच्या एका जुन्या रॅली गाडीचे मॉडेल करीत आहे. इंजिन चार सिलिंडरचे आहे आणि बॉनेट उघडे ठेवायचे असल्यामुळे त्याचा प्रत्येक भाग नजरेसमोर राहणार आहे. किटमधला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड मात्र एकाच तुकड्यात ओतलेला आहे: नळ्या एकमेकींना चिकटलेल्या, मागची बाजू पोकळ आणि मधोमध साच्याची रेघ. तो बाजूला ठेवून, चार नळ्या वेगवेगळ्या निघून शेवटी एका नळीत मिळतात असा हेडर मला स्वतः घडवायचा आहे. अ‍ॅल्युमिनियमची बारीक नळी वाकवली की वळणाच्या आतल्या बाजूने चेपते. सोल्डरची तार हवी तशी वळते, पण जरा हात लागला तरी तिचा आकार बदलतो. कोणते साहित्य घ्यावे, चार नळ्यांचा जोड कसा साधावा आणि तापलेल्या धातूचा रंग कसा आणावा, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

साहित्य निवडण्याआधी माप ठरवा, कारण बहुतेक घरगुती हेडर जाड नळ्यांमुळे फसतात. खऱ्या गाडीत नळीचा बाहेरचा व्यास दीड इंच, म्हणजे ३८.१ मिमी, असेल तर १/२४ प्रमाणात तो १.५९ मिमी होतो आणि १.६ मिमीची सोल्डर तार जवळपास अचूक जुळते. लहान चार सिलिंडरच्या इंजिनाला हे माप शोभते. २ मिमीची तार म्हणजे खऱ्या गाडीतली ४८ मिमीची नळी. ती मोठ्या व्ही-८ इंजिनाला चालेल, तुमच्या इंजिनावर सुजल्यासारखी दिसेल. शिवाय प्रायमर आणि रंगाचे थर जाडी वाढवतात ते वेगळेच.

आता वळणांविषयी, कारण सगळी गंमत तिथेच आहे. खरा हेडर बहुधा तयार वळणांचे तुकडे कापून आणि वेल्ड करून बनवलेला असतो, आणि त्या वळणांची मध्यरेषेवरची त्रिज्या पुष्कळदा नळीच्या व्यासाच्या दीडपट असते. म्हणजे वळणाच्या आतल्या कडेची त्रिज्या नळीच्या व्यासाइतकी भरते. म्हणून ज्या दांड्याभोवती तार वाकवायची, त्याचा व्यास तारेच्या दुप्पट हवा. १.६ मिमीच्या तारेसाठी ३.२ मिमीच्या ड्रिल बिटचा मागचा गुळगुळीत भाग वापरावा आणि प्रत्येक वळण त्याच्यावरच घ्यावे. नुसत्या बोटांनी वाकवलेल्या तारेचे प्रत्येक वळण वेगळे येते, आणि बघणाऱ्याला कारण सांगता आले नाही तरी ते खटकते. वाकवण्याआधी तार काचेवर ठेवून वरून सपाट पट्टीने लाटली की ती सरळ होते. कापताना कटर वापरू नये, त्याने टोक चिमटले जाते. पात्याखाली तार हलकेच फिरवत कापावी.

आकार टिकवण्यासाठी शिसेविरहित सोल्डर घ्या. त्यात जवळजवळ सगळे कथील असते, त्यामुळे ते अधिक ताठ असते आणि हाताळताना सहसा आकार सोडत नाही. शिसेयुक्त तारच वापरायची असेल तर घासकाम पाण्याखाली करावे आणि काम संपताच हात धुवावेत. शक्यतो फ्लक्स (जोड धरावा म्हणून तारेच्या पोटात भरलेला राळेसारखा पदार्थ) नसलेली भरीव तार शोधा. फ्लक्स असलेली तार वापरली तर रंगापूर्वी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावी, नाहीतर तेथे रंग धरत नाही.

अ‍ॅल्युमिनियमच्या नळीचाच आग्रह असेल तर ती आधी मऊ करावी लागते. नळीला साबण चोळून मंद ज्योतीवर फिरवत तापवा, साबण काळा पडला की थांबा. अ‍ॅल्युमिनियम लाल न होताच वितळते, त्यामुळे रंग बदलण्याची वाट पाहू नये. मग आत बसेल अशी सोल्डर तार सरकवून तिच्यासकट वाकवावे.

प्रतिसाद २

वरील सल्ल्याशी सहमत आहे. फक्त वळणे संपल्यावर गाडीखालून मागे जाणाऱ्या लांब सरळ नळीसाठी मी स्टायरीनचा दांडा वापरतो. तो ताठ असतो आणि हँगर, सायलेन्सर वगैरे प्लॅस्टिकच्या सिमेंटने पक्के चिकटतात. धातूला मात्र ते सिमेंट धरत नाही, तेथे सुपरग्लू किंवा एपॉक्सीच हवे, आणि पोर्टाच्या, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर पडण्याच्या तोंडाच्या, जोडात ०.५ मिमीच्या पितळी तारेची खुंटी घालावी.

चार नळ्यांच्या जोडाविषयी: १.६ मिमीच्या चार नळ्या दोन-दोन अशा चौकोनात जुळवल्या की त्यांना वेढणाऱ्या वर्तुळाचा व्यास सुमारे ३.९ मिमी येतो. पुढची नळी दोन इंची धरली तर ती २.१ मिमीची होते. म्हणून कलेक्टरसाठी, म्हणजे चार नळ्या एका नळीत मिळवणाऱ्या भागासाठी, ४ मिमीचा स्टायरीन दांडा हँडड्रिलमध्ये धरून, फिरवत फिरवत सँडपेपरने २.१ मिमीपर्यंत निमुळता करावा. नळ्यांची टोके आधी एकत्र चिकटवून त्यांच्याभोवती पातळ अ‍ॅल्युमिनियम फॉइलची पट्टी गुंडाळावी आणि टूथपिकने दोन नळ्यांमधल्या खाचांत दाबून बसवावी. खऱ्या कलेक्टरचे तोंड असेच चार पाकळ्यांचे असते. मध्ये उरणारी बारीक पोकळी खऱ्या हेडरमध्ये छोट्या पिरॅमिडसारख्या तुकड्याने बंद केलेली असते. ती ताणलेल्या स्प्रूच्या (किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले असतात तिच्या, तापवून ताणलेल्या तुकड्याच्या) टोकाने भरावी.

एक तपशील आवर्जून सांभाळा. इंजिनाचा फायरिंग क्रम (सिलिंडर ज्या क्रमाने पेट घेतात तो) १-३-४-२ असेल तर नळ्या कलेक्टरमध्ये त्याच क्रमाने गोल फिरत बसवतात, म्हणजे १ आणि ४ समोरासमोरच्या कोपऱ्यांत येतात.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. चारही नळ्यांची लांबी सारखी ठेवणे खरोखर आवश्यक आहे का, की ती फक्त खऱ्या इंजिनाची गरज आहे?

प्रतिसाद २

रस्त्यावरच्या सामान्य गाडीचा ओतीव मॅनिफोल्ड असता तर लांबी असमानच असते. पण स्पर्धेसाठी बनवलेल्या हेडरमध्ये ती शक्यतो सारखी ठेवतात, आणि ते नजरेला दिसते: कलेक्टरच्या जवळच्या सिलिंडरची नळी वाट लांबवण्यासाठी जास्त वळसे घेते. चार तारा आधीच समान लांबीच्या कापून घ्या, म्हणजे हे वळसे तुम्हाला घालावेच लागतील.

प्रतिसाद ३

रंगाविषयी माझे मत थोडे कडक आहे: निळा रंग फार कमी वापरावा. तापलेल्या पोलादावर सुमारे २३० अंश सेल्सिअसला फिकट पिवळा, मग तपकिरी, २८० च्या आसपास जांभळा आणि ३०० च्या सुमारास निळा रंग येतो. त्यामुळे इंजिनापासून दूर जाताना क्रम उलटा दिसतो: पोर्टाजवळ करडा, मग निळा, जांभळा, तपकिरी आणि शेवटी गवती पिवळा. धातूच्या रंगावर पारदर्शक नारिंगीचा रुंद, लाल-निळ्या मिश्रणाचा अरुंद आणि निळ्याचा सर्वांत अरुंद पट्टा एअरब्रशने अगदी विरळ द्यावा. वेल्डच्या दोन्ही बाजूंना बारीक पट्टे शोभतात. सिरॅमिक लेप दिलेला हेडर दाखवायचा असेल तर हे काहीच नको, एकसारखा मंद करडा पुरे.

मागच्या टोकाकडेही लक्ष द्या. खऱ्या नळीची भिंत दीड मिमी असेल तर प्रमाणात ती ०.०६ मिमी होते. इतकी पातळ भिंत करता येत नाही, म्हणून टोक पिन व्हाइसने (बोटांनी फिरवायच्या छोट्या ड्रिलने) आतून पोखरून कड आतल्या बाजूने तिरकी घासावी. वरून पाहताना धार बारीक दिसते. आत मॅट काळा द्यावा, काजळी बाहेर आणू नये.

आणि कलेक्टर कायमचा चिकटवण्याआधी इंजिन चॅसीमध्ये ठेवून पाहा. स्टिअरिंगचा दांडा आणि स्टार्टर मोटर यांच्यामधून नळ्या गेल्या पाहिजेत, आणि रंगानंतर तेथे तार वाकवायला वाव राहत नाही.