रस्टची सक्ती हवीय? हे होऊन गेलंय!

खडूस_कंपायलर: 'सगळ्या सरकारी सॉफ्टवेअरला रस्ट ही प्रोग्रामिंग भाषा सक्तीची करा, सी आणि सी++वर बंदी घाला' ही कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. अहो, अमेरिकेनं हे करून पाहिलंय. सत्तरच्या दशकात त्यांच्या संरक्षण खात्यात साडेचारशेच्या वर प्रोग्रामिंग भाषा नांदत होत्या. मग समिती, स्पर्धा, आणि निवड झाली फ्रान्सच्या ज्याँ इश्बिया यांच्या चमूच्या भाषेची: एडा. मानकाचा क्रमांकसुद्धा 1815, म्हणजे पहिली प्रोग्रामर मानल्या जाणाऱ्या एडा लव्हलेसचं जन्मसाल. केवढी हौस! पुढे संसदेनं कायद्यातही घातलं. झालं काय? जो तो 'आमचं काम वेगळंय' म्हणत सूट मागायला हजर. 1997 मध्ये सक्ती गुंडाळली. आणि एफ-35 या लढाऊ विमानाचा बहुतेक कोड कशात? सी++मध्ये.

टाइपचेक_आजोबा: सक्ती गेली, भाषा नाही गेली. एडावरचं बोइंग 777 काय वेबसाइटच्या पीएचपीवर उडतं?

खडूस_कंपायलर: आणि 1996 चं एरियान 5 हे युरोपचं रॉकेट? उड्डाणानंतर मिनिटभरही टिकलं नाही. कोड एडातच होता, आजोबा.

टाइपचेक_आजोबा: अर्धवट वाचून येऊ नका! आधीच्या एरियान 4 रॉकेटचा कोड तसाच उचलला, 64 बिटांचा आकडा 16 बिटांत कोंबला आणि प्रोसेसरवर ताण नको म्हणून तिथली तपासणी मुद्दाम गाळली. एडानं बोंब मारली होती, ती झेलायला कोणी ठेवलंच नव्हतं.

गेटसीएच: सक्तीच्या गप्पा मारताय आणि आपल्या कॉलेजांतलं सी शिकवायचं जुनाट सॉफ्टवेअर, टर्बो सी, विसरलात? प्रॅक्टिकलला प्रोग्रामच्या सुरुवातीला मी मानकाप्रमाणे 'इंट मेन' लिहिलं, तर बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मार्क कापले. 'व्हॉइड मेन'च हवं म्हणे!

निळा_पडदा: टर्बो सीला नावं ठेवायची नाहीत. आमची अख्खी बॅच त्यावर शिकून नोकरीला लागली.

गेटसीएच: आणि पहिल्याच आठवड्यात 'टर्बो सीतली पडदा पुसणारी क्लिअरस्क्रीन इथे चालत नाही हो' म्हणून रडली.

निळा_पडदा: तुमच्यासारख्यांना सगळं आयतं लागतं. आम्ही लॅबमध्ये एका मशीनवर तिघं बसायचो.

कोबोलवाली: भांडण थांबलं की सांगते. साठच्या दशकाच्या सुरुवातीला 'कोबोल ही व्यवहारांच्या हिशेबाची भाषा नसेल तर संगणक घेणार नाही' असा पवित्रा अमेरिकन सरकारनंच घेतला होता. ती सक्ती टिकली की नाही, हे कोबोलवर काम करून फेडलेल्या माझ्या गृहकर्जाला विचारा.

खडूस_कंपायलर: बरं बाई, कोबोलचं मान्य. साठ वर्षं लोकांना छळणं याला यश म्हणायचं असेल तर!

टाइपचेक_आजोबा: मुळात 2024चा व्हाइट हाउसचा अहवाल मेमरी-सेफ, म्हणजे मेमरीच्या चुका होऊ न देणाऱ्या रस्टसारख्या भाषा वापरा असा सल्ला देतो. सक्ती कुठाय? कालच्या पोस्टवाल्यानं तो उघडला तरी होता का?

खडूस_कंपायलर: हेच तर म्हणतोय! आणि गेटसीएच, टर्बो सीचा जीआर असेल तर दाखवा, नसेल तर ती सरकारी सक्ती नव्हे.

गेटसीएच: जीआर कशाला लागतो? अभ्यासमंडळावरच्या सरांच्या वीस वर्षं जुन्या नोट्स पुरतात.