"पहाटे उतरा नाहीतर घरी बसा" म्हणणाऱ्यांनी भरती-ओहोटीच्या वेळांचं टेबल कधी उघडलंय का?

खारापाणी
"स्पिअरफिशिंगची वेळ एकच, सूर्योदय. उशिरा उठणाऱ्यांनी मासे विकत आणावेत." अशी एक पोस्ट काल वाचली. (स्पिअरफिशिंग म्हणजे श्वास रोखून बुडी मारायची आणि भाला सोडणाऱ्या बंदुकीने मासा टिपायचा.) खाली टाळ्याच टाळ्या. तिथेच एक ओळ लिहिणार होतो, ती लांबली म्हणून हा धागा.

गळ टाकून बसणाऱ्याला पहाट ठीक आहे. त्याला मासा दिसावा लागत नाही, माशाला आमिष सापडलं की काम झालं. आपल्याला तो दिसावा लागतो, तेही बंदुकीच्या टप्प्यात. सूर्य क्षितिजाला टेकलेला असताना बराचसा उजेड पाण्यावरूनच परत फिरतो. कपारीत तोंड घातलं की काळोख.

माझा क्रम असा: आधी पाणी किती नितळ, मग करंट (पाण्याची ओढ), घड्याळ शेवटी. भरतीचा शेवटचा तास आणि नंतर पाणी थबकतं तेवढा वेळ, बस. बाहेरचं स्वच्छ पाणी तोवर खडकांवर आलेलं असतं. ओहोटी लागली की खाडीतला गाळ बाहेर निघतो आणि स्वतःच्या पायातले फिन्स दिसेनासे होतात. सहा तासांच्या भरतीत मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं पाणी सरकतं, तेव्हा तळाशी पडून राहणं म्हणजे नुसती झटापट. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर विचारूच नका. मी अष्टमीच्या आसपासचे भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी असतो ते दिवस धरतो.

आणि भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. आज सूर्योदयाला भरती असेल तर आठवड्याने त्याच वेळी ओहोटी. मग "वेळ एकच" कशी?

पहाटपक्षी
ती पोस्ट माझीच. नाव घेऊन लिहिलं असतं तरी चाललं असतं.

तुम्ही उजेडाचं बोलता, मी माशाचं बोलतो. झुंजूमुंजू होताना लहान माशांचे डोळे अंधारातून उजेडाला सरावत असतात, आणि नेमके तेव्हाच मोठे शिकारी उथळात येतात. ऊन चढलं की तेच मासे खोल पाण्यात. भर दुपारी नितळ पाण्यात काय बघणार, रिकामे खडक? शिवाय दुपारचा वारा सुटला की वर लाटांचा चुरा. सकाळी पाणी काचेसारखं.

मी खाडीच्या तोंडाशी भर ओहोटीतही मारलेत. करंटच्या आडोशाला खडकामागे पडून राहायचं, मासा स्वतः येतो. जमत नसेल तर तसं सांगा.

तळकोपरा
दोघेही मोठ्या भरतीच्या किनाऱ्यावरचे दिसता. भूमध्य समुद्रात उतरून बघा. बहुतेक ठिकाणी भरती-ओहोटीतला फरक फूटभरही नसतो. तिथे टेबल उघडून काय वाचणार? वारा आणि लाटा बघायच्या, बाकी सगळं घड्याळ. म्हणजे पहाटपक्षी तिथे बरोबर, इथे अर्धे.

आणि खारापाणी, पाणी थबकण्याची वेळ टेबलातल्या भरतीच्या वेळेशी जुळतेच असं नाही. चिंचोळ्या खाडीत भरती पूर्ण झाल्यावरही तासभर पाणी आत ओढत राहू शकतं. टेबल पाण्याच्या उंचीचं असतं, करंटचं नाही.

खारापाणी
ते मान्य. म्हणून तर मी आधी फ्लोट (तरंगता बोया) सोडून तो कुठे जातो ते बघतो. टेबलाची पूजा करत नाही.

पहाटपक्षी, ओहोटीत खाडीच्या तोंडाशी बडी, म्हणजे लक्ष ठेवणारा जोडीदार, कुठे ठेवता?

पहाटपक्षी
बडी कसला? साडेचारला कोणी उठतं का? एकटाच जातो. शांतता मिळते, तीच तर मजा.

श्वासपुरे
थांबा. भरती राहू द्या बाजूला.

एकटा, अंधूक उजेडात, ओहोटीत? आणि हे तुम्ही नवख्यांना शिकवताय? १० मीटरवर दाब दुप्पट असतो. वर येताना तो उतरतो आणि फुप्फुसातल्या ऑक्सिजनचा दाबही झपाट्याने घसरतो. शुद्ध जाते ती शेवटच्या काही मीटरमध्ये किंवा वर आल्यावर. कसलीही सूचना मिळत नाही. उतरण्याआधी भराभर श्वास घेणाऱ्यांचं तर आणखी वाईट, कारण श्वास घ्यावासा वाटण्याची जाणीवच उशिरा होते.

माझा मित्र वर आला, अंगठा-बोटाने ओके केलं आणि तोंड पाण्यात गेलं. मी हातभर अंतरावर होतो म्हणून हनुवटी उचलली, मास्क काढला, गालावर फुंकर मारत नावाने हाका मारल्या. पाणी नितळ होतं, भरतीही हवी तशी. काय उपयोग झाला असता एकटा असता तर?

पहाटपक्षी
आलं प्रवचन. मी भराभर श्वास घेत नाही, खोल जात नाही. बुडीच्या दुप्पट वेळ वर विश्रांती घेतो. तुमच्या मित्राने काय केलं त्याचा हिशेब माझ्याकडून का?

श्वासपुरे
"मी खोल जात नाही" हे त्यालाही वाटायचं. उथळातही होतं. एक खाली, एक वर, आणि वर आलेल्यावर निदान अर्धा मिनिट नजर. यात प्रवचन काय आहे? पहाटे तुम्ही तरंगत असाल तर बोटवाल्याला तुमचा फ्लोट तरी दिसेल का?

तळकोपरा
थोडं तेल ओततो. पहाटेचं कौतुक करता करता लोक रात्रीकडे सरकतात. झोपलेला पोपटमासा कपारीत टॉर्च मारून टिपायचा, ही शिकार नाही, वेचणी आहे. फ्रान्स आणि इटलीत सूर्यास्त ते सूर्योदय भाल्याने मासेमारीला बंदीच आहे, ते उगाच नाही.

पहाटपक्षी
रात्रीचं मी कुठे म्हटलं? माझ्या तोंडी घालू नका.

खारापाणी
धागा भरतीचा होता हो! एकट्याने उतरण्यावर वेगळा काढा, तिथे मीही श्वासपुरेंच्या बाजूने येतो. इथे मला एवढंच सांगा: पहाट आणि भरतीचा शेवटचा तास एकत्र आले तर उत्तम, हे मी कधी नाकारलं? पण दोन्हीतलं एकच मिळणार असेल तर मी सकाळी दहाची भरती घेईन आणि झोपही काढेन.

पहाटपक्षी
घ्या. तुम्ही दहाला याल तेव्हा माझी बंदूक धुऊन झालेली असेल.

श्वासपुरे, बडी शोधतो, झालं समाधान? पण साडेचारला उठणारा हवा. टेबल उघडून बसणारा नको.