टर्बोआधी उन्हाळ्याचा हिशेब करा

दादा, १.२ लिटरच्या साध्या पेट्रोल इंजिनला, इंजिन न उघडता, छोटा टर्बो (सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा) बसवायचा आणि बूस्ट, म्हणजे हवेचा जादा दाब, फक्त ०.४ बार ठेवायचा, असं तुम्ही म्हणताय. जमतं. पण गाडी मे महिन्यात नांदेडला पळणार आहे, हे धरून चाला. बाहेर ४२ अंश असताना एवढी दाबलेली हवा ऐंशी-नव्वदच्या घरात तापते. त्यात इंजिनाचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) १० च्या वर असलं की नॉकिंग, म्हणजे मिश्रण आपोआप भडकून ठोके पडणं, सुरू होतं आणि पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटते. म्हणून ही दाबलेली हवा गार करणारा इंटरकूलर हवाच, तोही ग्रिलमागे, थेट वारा लागेल असा.

दुसरं म्हणजे तेलाचा परतीचा पाइप. टर्बोत तेल पंपाच्या दाबाने जातं, पण बाहेर येतं ते फक्त उताराने. जालन्यात एका गाडीखाली मी स्वतः आडवा पडून बघितलं. पाइपला मधेच झोळ आला होता, तेल तुंबून सीलमधून गळत होतं, सायलेन्सरमधून निळा धूर. सगळे टर्बोलाच दोष देत होते. चार बोटं पाइप कापून सरळ उतार दिला, धूर थांबला!

पेट्रोल फवारणारे इंजेक्टर मोठे घ्या, ट्यूनिंग वाइडबँड सेन्सर (हवा-पेट्रोलचं प्रमाण नेमकं दाखवणारा) लावूनच करून घ्या. इथे पैसे वाचवू नका. आणि काम काढण्याआधी मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ वाचून आरटीओत आणि विमावाल्यांकडे विचारा. क्लचचं नंतर बघू, ०.४ ला बहुतेक जुनाच टिकेल.