बॅबिन्स्की: अंगठा वर गेला की पायच ओढून घेतला?

प्रश्न: प्लांटर रिफ्लेक्स (तळव्यावर रेघ ओढल्यावर अंगठ्याची आपोआप होणारी हालचाल) बघताना बरेचदा पेशंट अख्खा पाय ओढून घेतो. अंगठा वर जातो, पण घोटा आणि गुडघाही वाकतो. हे एक्स्टेन्सर (अंगठा वर, म्हणजेच बॅबिन्स्की; मेंदू-मज्जारज्जूतला हालचालीचा मार्ग बिघडल्याची खूण) लिहायचं का? हॅमरच्या दांड्याच्या टोकाने तळव्याच्या मधोमध रेघ ओढतो.

उत्तर १: मधोमध रेघ, तिथेच गडबड आहे. तो खोलगट भाग गुदगुल्यांचा. पेशंटला उताणं झोपवा, पाय सैल आणि गुडघा सरळ ठेवा. टाचेच्या बाहेरच्या कडेपासून सुरुवात करून करंगळीच्या बुडाशी या आणि चवड्यावरून आत वळा. अंगठ्याच्या बुडापर्यंत जायचं नाही, अलीकडेच थांबायचं. टोक बोथट हवं, ओरखडा उठता कामा नये. पूर्ण रेघेला पाचेक सेकंद द्या. घाईत ओढलेली रेघ म्हणजे पाय झटकण्याचं आमंत्रणच. नजर अंगठ्याच्या पहिल्या हालचालीवर ठेवा. बाकीची बोटं पसरली नाहीत तरी चालतं.

उत्तर २: वरच्यात एक भर. गुडघा वाकला म्हणून एक्स्टेन्सर नाही, असं धरू नका. खरा बॅबिन्स्की हा पाय आखडून घेण्याच्या रिफ्लेक्सचाच भाग असतो, त्यामुळे मांडीचे स्नायूही आवळतात. फरक असा: मुद्दाम ओढलेला पाय दर वेळी वेगळा हलतो, रिफ्लेक्स मात्र पुन्हा पुन्हा तसाच येतो. तरी शंका असेल तर चॅडॉक करा, म्हणजे बाहेरच्या घोट्याखालून करंगळीकडे रेघ. तळव्याला हात लागत नसल्याने पाय कमी ओढला जातो. ओपनहाइममध्ये नडगीवरून खाली दाब देतात, पण तो दुखतो.

प्रश्नकर्ता: चॅडॉक करून बघतो. आणि अंगठा हललाच नाही तर?

उत्तर ३: मग ‘निगेटिव्ह’ लिहू नका. फ्लेक्सर (अंगठा खाली), एक्स्टेन्सर किंवा प्रतिसाद नाही, यांपैकी जे दिसलं ते लिहा. फूट ड्रॉप (पाऊल वर उचलता न येणं) असेल तर अंगठा वर उचलणारा स्नायूच लुळा असतो. अशा पायात कॉर्टिकोस्पायनल मार्ग (मेंदूतून मज्जारज्जूत उतरणारा हालचालीचा मार्ग) बिघडलेला असला तरीही अंगठा वर येणार नाही. तळव्याची संवेदना गेली असेल किंवा पाय गारठलेले असतील तरी हेच. उलटही घडतं: फिट येऊन गेल्यावर किंवा रक्तातली साखर फार उतरल्यावर प्लांटर काही वेळ एक्स्टेन्सर होतो. आणि साधारण वर्षाच्या आतल्या बाळात तो नॉर्मलच.